भूतान आणि ऑलिम्पिक : ‘वाइल्ड कार्ड’ या शब्दामागचा इतिहास

भूतानने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पहिले ऑलिम्पिक पथक पाठवले. त्यात तीन पुरुष आणि तीन महिला होत्या, सहाही तिरंदाज. धनुर्विद्या १९७१ पासून त्यांचा राष्ट्रीय खेळ आहे, त्यामुळे खेळाची निवड ओघानेच झाली. पण गावच्या मैदानावर लक्ष्य सुमारे १४५ मीटरवर असते आणि बाण परंपरेने बांबूच्या धनुष्यातून सुटत आला. बाईने धनुष्याला हात लावू नये, असाही तिथे जुना समज. भूतानच्या ऑलिम्पिक पथकात मात्र महिला पहिल्या दिवसापासून होत्या, याची दखल फारशी कुणी घेतलेली नाही.

पुढची जवळजवळ तीन दशके केवळ तिरंदाजीच. २०१२ मध्ये लंडनला प्रथमच नेमबाजीची भर पडली. तेव्हा पथकात दोघीच होत्या, दोन्ही महिला.

आपल्याकडच्या बातम्यांत या खेळाडूंचा उल्लेख सरसकट ‘वाइल्ड कार्ड’, म्हणजे पात्र न ठरता खास प्रवेश मिळालेले, असा होतो. तो शब्द नीट तपासायला हवा. १९८४ मध्ये तिरंदाजीत आजच्यासारखी काटेकोर कोटापद्धत नव्हती, म्हणून पहिल्या पथकाला तो लागूच होत नाही. नंतर पात्रता कडक झाली आणि लहान देश बाहेर पडू नयेत म्हणून युनिव्हर्सॅलिटीच्या (सर्व देशांच्या सहभागासाठी राखलेल्या) जागा आल्या. त्यातही दोन वाटा आहेत. तिरंदाजी, नेमबाजी, ज्युदो अशा खेळांत लहान पथकांच्या देशांना निमंत्रण मिळते. अ‍ॅथलेटिक्स आणि जलतरणाचे नियम त्या त्या खेळाचे वेगळे. २०२४ मध्ये पॅरिसला ३ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करणारी भूतानची धावपटू या दुसऱ्या वाटेने आली होती. ती शेवटची आली, विजेतीनंतर दीड तासाने, आणि प्रेक्षक तिच्यासाठी थांबले होते. हे उपकाराचे कार्ड नव्हे. सर्व देशांनी यावे म्हणून मुद्दाम केलेली तरतूद आहे.

शिवाय एक खेळाडू या शब्दात बसतच नाही. २०१९ मध्ये बँकॉकच्या आशियाई पात्रता स्पर्धेत एका भूतानी महिला तिरंदाजाने टोकियोची जागा स्वबळावर जिंकली. देशाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. टोकियोत पहिल्याच फेरीत ती आपल्या अव्वल तिरंदाजाकडून ०-६ अशी हरली. इथल्या मथळ्यांत भारताच्या सोप्या विजयाला जागा मिळाली. समोरची खेळाडू तिथवर कशी पोहोचली, हे वाचकाला कळायला हवे होते.

पदक अजून नाही. एक अडचण धनुष्याचीही आहे. भूतानच्या मैदानांवर आता आयात केलेली कंपाउंड (कप्प्या लावलेली) धनुष्ये रुळली आहेत, आणि भूतान उतरल्यापासून ऑलिम्पिकमध्ये फक्त रिकर्व्ह (टोके बाहेर वळलेले, कप्प्यांविना) धनुष्य चालत आले. म्हणजे घरी ज्या धनुष्यावर हात बसतो, ते तिथे उपयोगाचे नाही. २०२८ मध्ये, पुन्हा लॉस एंजेलिसलाच, कंपाउंडचा समावेश होणार आहे, पण फक्त मिश्र जोडीसाठी, म्हणजे एक पुरुष आणि एक महिला. गावोगावी कंपाउंड खेचणारे बहुतेक पुरुषच आहेत.