प्रेमात पडायला जागा कुठे होती?

मागच्या महिन्यात वाचनालयातून ना. सी. फडक्यांची ‘दौलत’ आणली. बांधणी दोनदा तरी बदललेली, पानं चहाच्या रंगाची, आणि मागच्या पुठ्ठ्यावर परतीच्या तारखांचा चिकटवलेला कागद. त्या कागदानं कादंबरीइतकाच वेळ खाल्ला. साठच्या दशकात शिक्क्यांची नुसती दाटी. एका मे महिन्यात पुस्तक चार घरी फिरून आलेलं. सत्तरमध्ये शिक्के विरळ होतात, ऐंशीत वर्षाला एखादा, आणि मग एकदम माझाच.

‘दौलत’ १९२९ ची. कॉलेजात असताना मी ती अर्ध्यात टाकली होती. नायिकेचा राग आला होता. या खेपेला राग आला नाही. नायिका काय नेसते, घरात टेबलखुर्ची कुठे आहे, दोघं एकटे नेमके कुठे भेटतात, हेच बघत बसले. तेव्हा लक्षात आलं की प्रेमकादंबरीत प्रेम फारसं शिळं होत नाही. दोघांच्या मधे जे उभं असतं, ते शिळं होतं. तुम्हीआम्ही ज्या अडचणीतून गेलो ती पुस्तकात दिसली की जीव अडकतो. ती अडचण जगातून गेली की पुस्तक कपाटात जातं. मराठी प्रेमकादंबरीचा इतिहास या मधल्या अडचणीच्या बाजूनं पाहिला, तर वाचकाची आवड का पालटते ते बरंचसं उलगडतं.

सुरुवातीला अडचण अशी की प्रेमात पडायला माणसंच नव्हती. मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी, मुलाचं सोळा-सतराव्या. वयात येईपर्यंत दोघांचं सगळं ठरून गेलेलं. मग एकमेकांना बघणार कोण आणि झुरणार कोण? ‘मंजुघोषा’ लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबुडांनी १८६८ साली प्रस्तावनेत हे जवळजवळ कबूलच केलं आहे. आमच्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांनी आम्हा हिंदूंच्या आयुष्यात मनोरंजक असे ना गुण सापडत ना दुर्गुण. रोजचं लिहावं तर त्यात गोडी नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं, असा त्यांचा सूर. मला ही प्रस्तावना कादंबरीपेक्षा जास्त आवडते. लेखक आपल्या समाजाची तक्रार करतोय, आणि तक्रार काय, तर तुम्ही मला कथानक देत नाही!

म्हणून मग राजपुत्र, राजकन्या, अरण्यं. किंवा दुसरी वाट, लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’ची (१८६१). लग्न आधीच झालेलं, नवराबायकोची दुष्टांनी ताटातूट करायची, आणि शेवटी त्यांना परत एकत्र आणायचं. शृंगार विवाहितांचा, त्यामुळे कुणाच्या कपाळाला आठी नाही. आजच्या वाचकाला ही वाट फार जुनी वाटेल. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

हरिभाऊ आपट्यांनी अद्भुत सोडलं आणि घरात शिरले. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात येऊ लागली. शाळेत ती आपण विधवेची कहाणी म्हणून शिकतो, आणि ती आहेच. पण मधली पानं काढून वाचा. यमूला नवरा लिहायला-वाचायला शिकवतो, पुढे मुंबईचं बिऱ्हाड, सासरच्या करड्या नजरेपासून लांब दोघांचं बोलणं. मराठीतलं पहिलं पटण्याजोगं प्रेम मला तिथे दिसतं. ते लग्नानंतरचं आहे, आणि त्याला लागतं काय, तर वेगळं बिऱ्हाड. पुढे सगळं कोसळतं, केशवपनापर्यंत जातं, म्हणून ती पानं झाकोळून जातात इतकंच.

फडके येईपर्यंत एक पिढी गेली होती. मुलींच्या शाळा, कॉलेजं. मुली अठराव्या-विसाव्या वर्षी, बिनलग्नाच्या, हातात वही घेऊन रस्त्यानं चाललेल्या. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं. पण पुण्या-मुंबईतल्या मोजक्या घरांत त्याच्या आधीच ते वर सरकलं होतं. प्रेमकादंबरीला लागणारी मुलगी प्रत्यक्षात तयार झाली आणि फडक्यांनी तिला बरोबर गाठलं. ‘जादूगार’ १९२८, ‘दौलत’ १९२९, ‘अटकेपार’ १९३१. बागा, टेनिस, आगगाडीचे डबे, मोटारी: या सगळ्या भेटायच्या जागा आहेत. रिसबुडांना जे मिळालं नाही ते फडक्यांना मिळालं. त्यांच्यावर गुळगुळीतपणाचा आरोप कायम होत आला आणि तो खोटा नाही. पण ज्या वाचकाच्या घरात नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत, त्याला दोन तरुण माणसं बाकावर बसून नुसती गप्पा मारतायत हे वाचायला काय वाटलं असेल, याचा हिशेब त्या आरोपात नसतो.

या गुलाबी चित्राला पहिली चिरफाळी पाडली एका बाईनं, तीही टोपणनावानं. विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली आला आणि गदारोळ उठला. टोपणनावामागे होत्या पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेली, कमावती, लग्नाचं वय उलटून चाललेली मुलगी, आणि तिच्या पगारावर चालणारं घर. म्हणजे मधे उभे कोण? आईवडीलच, आणि तेही दुष्ट नसलेले. दुसऱ्याच वर्षीची ‘हिंदोळ्यावर’ आणखी पुढे गेली. नवऱ्यानं टाकलेली अचला दुसऱ्या पुरुषाबरोबर राहायचं ठरवते. आजची वाचक पटकन विचारेल की घटस्फोट का नाही घेत? मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदाच १९४७ साली मिळाला. हे माहीत नसेल तर अचला उगाच स्वतःला गुंतवून घेतेय असं वाटतं. मलाही विशीत तसंच वाटलं होतं.

वि. स. खांडेकरांनी दोघांच्या मधे ध्येय आणून ठेवलं. त्यांचे नायक प्रेम करतात, पण गरिबांची दुःखं आठवून मधेच थांबतात. कला कशासाठी, कलेसाठी की जीवनासाठी, हा फडके-खांडेकर वाद मराठीच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. वाचकांनी मात्र वादात न पडता दोघांनाही घरी नेलं. खांडेकरांचं खरं आयुष्य वह्यांमध्ये आहे. आमच्या आत्याच्या एका दोनशेपानी वहीत निम्मी पानं ‘अमृतवेल’मधली (१९६७) वाक्यं आहेत, जांभळ्या शाईत, प्रत्येकाखाली दोन रेघा. कादंबरीतली नंदा होणारा नवरा गेल्यावर पुन्हा उभी राहते. आत्याचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं होतं, हे मला ती वही हातात आल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर मी त्या सुभाषितांना हसत असे.

१९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली आणि तिनं तर नायिकाच काढून टाकली. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकतो, उधळतो, गावी परततो, आणि रूढ अर्थाची प्रेमकथा कुठेच नाही. गंभीर वाचकानं तिथून प्रेमकादंबरीकडे जी पाठ फिरवली ती बराच काळ फिरवलीच. समीक्षेत प्रेम हा शब्द जरा खालच्या आवाजात घ्यायचा झाला.

खाली, स्टँडवरच्या स्टॉलवर आणि गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत, धंदा वेगळाच चालला होता. तिथला राजा चंद्रकांत काकोडकर. पातळ पुस्तकं, रंगीत मुखपृष्ठ, मान मागे टाकलेली बाई. त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, आणि ती अश्लील आहे म्हणून पुण्यात खटला झाला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ साली काकोडकर सुटले. निकाल मजेदार आहे. समाजाची मापं झपाट्यानं बदलतायत, असं न्यायमूर्ती म्हणतात. आणि लैंगिक उल्लेख आला की अश्लील असं धरलं, तर निव्वळ धार्मिक पुस्तकं सोडून काही विकताच येणार नाही. वाचकाची आवड बदलते हे समीक्षकांच्या आधी न्यायालयाने लिहून ठेवलं, आणि तेही एका पॉकेटबुकवाल्या लेखकाच्या निमित्तानं. त्याच १९६९ मध्ये ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा गाजला. तो काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’वरून घेतलेला. ज्यांनी काकोडकर कधीच वाचले नाहीत असं शपथेवर सांगितलं, त्यांनीही तो सहकुटुंब पाहिला.

मी काकोडकर नववीत वाचले, भूगोलाच्या पुस्तकात घालून. आज पुन्हा वाचवत नाहीत. त्यात चोरून वाचण्याचाच भाग मोठा होता बहुतेक.

त्याच काळात बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांची मोठी लाट आली, आणि तिच्याबद्दल अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही. योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, ज्योत्स्ना देवधर, स्नेहलता दसनूरकर. यातल्या क्षेत्रमाडे आणि अभ्यंकर डॉक्टर होत्या. अभ्यंकर तर रत्नागिरीतून आमदारही झाल्या. ‘स्त्री’, ‘मेनका’, ‘माहेर’ ही मासिकं हाताशी होती. दुपारी चार वाजता, चहा व्हायच्या आधी, लायब्ररीच्या दारात बायका उभ्या असत आणि काउंटरवरचा मुलगा विचारायचा, “काकू, राजेंचं नवीन आलंय, बाजूला ठेवू?” या कादंबऱ्यांत लग्न होतं ते पन्नासाव्या पानाच्या आत. खरी गोष्ट त्यानंतर: नवऱ्याचा संशय, सासूचा अबोला, नोकरी सोडायची की नाही. प्रेम मिळालं का, यापेक्षा मान मिळाला का, हा प्रश्न. आईला मी एकदा विचारलं की तेच तेच कसं वाचवतं. ती म्हणाली, “तेच तेच तर घरातही असतं. पुस्तकात निदान तो शेवटी सॉरी म्हणतो.”

मुंबईत आणखी एक अडचण होती: जागा, अक्षरशः चौरस फुटांत. व. पु. काळ्यांच्या ‘पार्टनर’मध्ये (१९७६) जोडपं तरुण आहे, एकमेकांवर जीव आहे, आणि घरातली माणसं, जागा, पैसा यांचा ताण मधे उभा आहे. ती मुलं-मुली दोघांनी वाचली, आणि खांडेकरांनंतर वह्यांत पुन्हा वाक्यं उतरली ती वपुंचीच. आता ती फोनवर फिरतात, बऱ्याचदा त्यांची नसलेलीही त्यांच्या नावावर.

ऐंशीनंतर गौरी देशपांडे आल्या. ‘एकेक पान गळावया’ १९८० ची, ‘तेरुओ आणि कांहीं दूरपर्यंत’ १९८५ ची. तिथे बाई पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली, शिकलेली, जग पाहिलेली, आणि तिला अडवणारं बाहेर फारसं कुणी नाही. मग मधे काय उभं असतं? ती स्वतः. तिचं स्वातंत्र्य आणि तिचं प्रेम, ही दोन्ही एका घरात मावत नाहीत. मी हे विशीत वाचलं तेव्हा भारी वाटलं, पण कळलं नव्हतं. बायका एवढा विचार का करतात असं वाटायचं. चाळिशीत वाचताना पेन्सिल हातात घेतली. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ (२००५) याच वाटेनं, पण जास्त संतापून जाते. नावच लग्नातल्या शपथेचं, धर्मात, अर्थात, कामात तुला ओलांडून जाणार नाही, असं म्हणणाऱ्या. तिच्या एक वर्ष आधी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आली होती, आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलाची आणि त्याच्या वर्गातल्या शिरोडकरची. तिच्यावर पुरुष वाचक तुटून पडले. ज्यांनी आयुष्यात प्रेमकादंबरी हातात धरली नाही असे गृहस्थ “आपलीच शिरोडकर” म्हणत हळवे झालेले मी पाहिलेत. मधे काय होतं त्या दोघांच्या? एक वर्ग, दोन बाकांच्या रांगा.

आता प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठी प्रेमकथा रोज भागाभागानं येतात. प्रतिलिपी २०१४ ची. भाग सात-आठ मिनिटांचा, शेवटी हमखास टांगून ठेवणारा. ‘करमणूक’च्या वाचकाला हे सोसणं सवयीचं होतं, फक्त त्याला आठवडा थांबावं लागे. इथल्या कथांत एक नमुना इतका चालतो की मी आधी चकित झाले: लग्न ‘मुक्तामाले’सारखं आधीच, पहिल्याच भागात, घरच्यांनी ठरवलेलं किंवा काही करारापोटी, दोघं अनोळखी, आणि प्रेम पुढच्या शे-दीडशे भागांत हळूहळू. मुली स्वतः नवरा निवडू शकतात अशा काळात त्या हे का वाचतात, याची कारणं मी दोन-चार जणींना विचारली. एक बँकेत आहे. तिचं म्हणणं, दिवसभर सगळे निर्णय मीच घेते, रात्री अकरा वाजता कथेत तरी कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेला असू दे.

आमच्या मजल्यावरच्या काकू पूर्वी शैलजा राजेंच्या पक्क्या वाचक. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोनवर अक्षर मोठं करून वाचतात. परवा जिन्यात भेटल्या, फोन हातातच. काय चाललंय विचारलं.

“अगं, लग्न झालंय त्यांचं. पण बोलतच नाहीत अजून एकमेकांशी.”

“किती भाग झाले?”

“एकशे बारा,” म्हणाल्या, आणि चष्मा सारखा करत तिथेच पायरीवर टेकल्या.