रंगाच्या पाण्यासाठी कार्बन घेण्याआधी

आम्ही अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन विकतो, म्हणजे सांडपाण्यातला रंग आपल्या छिद्रांत धरून ठेवणारा कोळसा. भिवंडी, डोंबिवली, तळोजा, कुठल्याही डाईंगवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "आयोडीन नंबर किती?" म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती आयोडीन धरतो. आकडा आम्ही सांगतो. पण आयोडीनचा रेणू लहान, तो अगदी बारीक छिद्रांतही शिरतो. रंगाचे रेणू बरेच मोठे, त्यांना ती छिद्रं बंदच. म्हणून मेथिलीन ब्लू या मोठ्या रेणूच्या रंगाचा आकडाही मागा. माल दुसरीकडून घेणार असाल, तरी मागाच.

आमचा कार्बन दोन प्रकारचा, दोन्ही टाकाऊ मालापासून. नारळाच्या करवंटीचा कार्बन कडक आणि दाणेदार असतो. फिल्टरमध्ये भरता येतो, बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून धुण्याला, टिकतो. त्याची छिद्रं मात्र बहुतेक बारीक. रसवंतीवरची चिपाडं फॉस्फरिक आम्लात भिजवून साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवली, की मोठ्या छिद्रांचा कार्बन होतो. रंग तो जास्त ओढतो, पण असतो भुकटी. पाण्यात ढवळायचा, मग गाळून काढायचा, म्हणजे तुमचा गाळ वाढणार. हे आधीच सांगितलेलं बरं.

कार्बनची पाळी शेवटची. पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात जेमतेम विरघळतात. ते तुरटीनेच बरेचसे खाली बसतात, त्यांच्यावर कार्बन खर्च करू नका. खरी अडचण सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची. धाग्याला न बसलेला रंग धुण्याच्या पाण्यात विरघळलेलाच राहतो आणि तुरटीला सहसा दाद देत नाही. त्यातून ते पाणी सोड्यामुळे अल्कली असतं. या रंगांवर ऋण भार असतो, त्यामुळे पीएच सातच्या खाली आणला की कार्बन त्यांना जास्त धरतो. आधी पीएच, मग डोस.

मिठामुळे वाढलेला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, कार्बनने उतरत नाही. कोणी उतरतो म्हणालं, तर आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट मागा.

डोस आम्ही फोनवर सांगत नाही. तुरटी आणि सँड फिल्टरनंतरचं पाच लिटर पाणी कॅनमध्ये आणा, तेही काळा किंवा नेव्ही ब्लू माल चालू असेल त्या दिवशीचं. फिक्या शेडच्या पाण्यावर कुठलाही कार्बन छान दिसतो. वेगवेगळे डोस टाकून, तासभर ढवळून, गाळून तुमच्यासमोर रंग आणि सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती, याचा आकडा) मोजू. चाचणीचे पैसे नाहीत.

वापरून झालेला कार्बन नाल्यात किंवा बॉयलरमध्ये टाकू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचऱ्यात मोडतो. तो अधिकृत केंद्रावरच पाठवायचा आणि त्याची नोंद ठेवायची. रिकाम्या गोणीत भरून गेटबाहेर ठेवलेला पावसात वाहून गेला, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.