नवी ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) सारखी बंद पडते? गोव्यात कंपनीकडून पैसे परत मागायचे ते असे

आधीच सांगतो, 'बायबॅक' म्हणजे कंपनीने गाडी परत घेऊन पैसे द्यायचे, असा आयता हक्क आपल्याकडे कायद्यात नाही. अमेरिकेतल्यासारखा 'लेमन लॉ', म्हणजे सारख्या बिघडणाऱ्या नव्या गाड्यांसाठीचा खास कायदा, इथे नाही. आपला रस्ता ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधून जातो. कलम 39 खाली ग्राहक आयोग दोष काढून द्यायला, गाडी बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो, वर नुकसानभरपाईही. पण सुटा भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली एका गाडीच्या प्रकरणात म्हटलं आहे. म्हणजे दोष मुळातलाच आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे दाखवण्याची जबाबदारी आपली.

ते दाखवायचं जॉब कार्डावर, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप तक्रार आणि काम लिहितं त्या कागदावर. आमच्या शेजाऱ्यांची गाडी भर पावसात झुआरीच्या पुलावर बंद पडली, टोचन लावून वर्कशॉपला नेली. कार्डावर तक्रारीच्या रकान्यात फक्त 'जनरल चेकअप' आणि खाली 'तपासले, ओके'. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा गाडी टोचनावरून आली होती, पण कागदावर तिला काहीच झालं नव्हतं! म्हणून गाडी सोडताना आपले शब्द लिहून घ्या: 'चालू असताना पॉवर गेली, बॅटरी 62 टक्के, डॅशबोर्डवर लाल इशारा'. न लिहिल्यास कार्डावर सही करू नका, तिथूनच ईमेल टाका. डॅशबोर्डचा फोटो, टोचनवाल्याची पावती, गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती त्या तारखा, कोणतं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट, सगळं ठेवा.

तक्रार कोण करू शकतो? स्वतःच्या वापरासाठी गाडी घेणारा कोणीही. धंद्यासाठी घेतली असेल तर नाही. मात्र पोट भरण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा ग्राहकच ठरतो. रेंट-अ-कारसाठी चार-पाच गाड्या घेतलेल्याला हे दार बहुधा बंद. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'पुढच्या अपडेटमध्ये जाईल' या आश्वासनावर लोक बसून राहतात आणि मुदत निघून जाते.

मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग: उत्तर गोव्यासाठी पर्वरीला, दक्षिणेसाठी मडगावला. त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, कंपनी पुण्यात असो की चेन्नईत. शुल्क 10 ते 20 लाखांच्या गाडीला 400 रुपये, 20 ते 50 लाखांना 1,000. वकील सक्तीचा नाही.

आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, मग कंपनी आणि डीलर दोघांना रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस. दोघांना का, तर गोव्यातल्याच एका प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या स्वतःच्या लबाडीसाठी कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही असं ठरवलं. कोणाचा दोष कुठे, हे तक्रारीत वेगवेगळं लिहा.

तक्रारीसोबत टॅक्स इनव्हॉइस, आरसी, विमा पॉलिसी, वॉरंटी पुस्तिका, सगळी जॉब कार्डं, ईमेल, नोटीस आणि तिची पोचपावती, कर्ज असेल तर बँकेचं स्टेटमेंट, नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता लावा. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येतं.

समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे पाठवतो. हा अर्ज आपणच करावा, कारण तज्ज्ञाचा अहवाल नसेल तर प्रकरण लंगडं पडतं. कायद्यात तपासणीसह पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात जास्तीची तयारी ठेवा. तोवर हप्ते थांबवू नका, सिबिल तुमचंच बिघडेल.

दुसरी वाट रिकॉलची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ खाली सदोष गाड्या परत बोलावल्या तर कंपनीने पूर्ण किंमत द्यायची, गाडी बदलायची किंवा दुरुस्त करायची असते. वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पण त्यासाठी तशाच अनेक गाड्यांच्या तक्रारी लागतात, त्यामुळे एकट्याने यावर विसंबू नये.

पैसे परत करण्याचा आदेश झाला किंवा मध्यस्थीत तडजोड झाली, तर कर्ज असल्यास बँकेचं फॉर्म 35 (गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा) आणि एनओसी, मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडीची चावी रक्कम खात्यात जमा झाल्यावरच द्या, आणि आरसीवरचं नाव बदलल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत विमा रद्द करू नका.