कॅम्परव्हॅनने गोव्याचा किनारा: गाडी ताब्यात घेण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

उत्तरेस तेरेखोल नदीच्या मुखापासून दक्षिणेस पोळेपर्यंत पसरलेला गोव्याचा किनारा मोटारीने एका दिवसात पार करता येतो. त्यामुळे गाडी आरक्षित करतानाच दहा-बारा ठिकाणांची यादी तयार असलेले ग्राहक आम्हांला नेहमी भेटतात. ही यादी निम्म्यावर आणावी, अशी आमची त्यांना पहिली विनंती असते. या किनाऱ्यावरील पशुपक्ष्यांचा दिवस भरती-ओहोटीने ठरतो आणि वर्ष ऋतूंनी ठरते. आपल्याला त्यांच्या वेळेनुसार थांबावे लागते. पहाटे ज्या खाडीकाठी असावयास हवे त्याच्या जवळपास रात्री झोपता येणे, हा कॅम्परव्हॅनचा खरा लाभ आहे. मात्र त्याच कारणाने या गाडीचा उपद्रवही हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकापेक्षा अधिक होऊ शकतो. म्हणून या पत्रकात प्रेक्षणीय स्थळांपेक्षा गाडी कोठे व कशी उभी करावी याविषयी अधिक लिहिले आहे.

प्रवासाचा काळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत उत्तम. स्थलांतरित पक्षी आलेले असतात, कासवांचा विणीचा हंगाम चालू असतो आणि रात्री गाडीत पंख्यावर भागते. पावसाळ्यात आम्ही किनाऱ्याच्या सफरीसाठी गाडी देत नाही. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारीवर बंदी असते, आणि भिजलेल्या मातीत जड गाडीचे चाक रुतले तर ते बाहेर काढण्यासाठी गावकऱ्यांना वेठीस धरावे लागते.

कासवांचे किनारे

पेडणे तालुक्यातील मोरजी व मांद्रे आणि काणकोण तालुक्यातील आगोंद व गालजीबाग या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यासाठी येतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर ती हजारोंच्या संख्येने एकदम येतात, तसे गोव्यात होत नाही. येथे मादी रात्रीच्या वेळी एकटी येते, आणि ती कोणत्या रात्री येईल हे कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे कासव नक्की दिसेल असे आश्वासन आम्ही देत नाही, आणि असे आश्वासन देणाऱ्यांच्या नादी आपणही लागू नये.

मादी पाण्यातून वर येते तेव्हा ती फार सावध असते. वाळूवर हलणारा विजेरीचा झोत किंवा गाडीचे दिवे दिसले, तर ती अंडी न घालताच समुद्रात परत फिरते. जागा पसंत पडली की मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी ती सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि आपल्या शरीराच्या भाराने ती धोपटून घट्ट करते. हे सारे साधारण तासाभरात आटोपते. त्यानंतर ती पिलांकडे कधीच परतत नाही. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी वाळूच्या उबेवर असतात, आणि पिलू नर होणार की मादी हेसुद्धा त्या वाळूच्या तापमानावरच ठरते. वन खाते या घरट्यांभोवती कुंपण घालून पहारा ठेवते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला कासवांची पिले समुद्रात सोडताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या कामाची कल्पना असेलच.

पिले बहुधा रात्री बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात, कारण अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडचे क्षितिज सर्वांत उजळ असते. माडांच्या रांगेआड उभ्या असलेल्या गाडीच्या छताडीखाली पांढरा एलईडी दिवा लावला, तर पिलांना तेच क्षितिज वाटते. ती जमिनीच्या दिशेने जातात आणि सकाळी कावळ्यांच्या व कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. म्हणून आमच्या प्रत्येक गाडीला बाहेरच्या बाजूस मंद पिवळसर-तांबडा दिवा बसवलेला आहे आणि खिडक्यांना जाड पडदे आहेत. या चार किनाऱ्यांच्या परिसरात अंधार पडल्यावर बाहेरचा पांढरा दिवा लावू नये व पडदे ओढून घ्यावेत, ही आमच्या करारातील अट आहे. या अटीबाबत आम्ही कोणतीही सवलत देत नाही.

वाळूवर गाडी उतरवणे हा तर गुन्हाच आहे, आणि त्याची कारणे केवळ कायद्यात नाहीत. नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाचे कवच जेमतेम दीड इंच असते. टायरने पाडलेल्या चाकोरीची कड त्याला चढता येत नाही. ते त्या चाकोरीतूनच किनाऱ्याला समांतर चालत राहते आणि थकून जाते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ऑलिव्ह रिडले पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे; त्यामुळे अंडी हाताळणे किंवा पिलू उचलून छायाचित्र काढणे हासुद्धा गंभीर अपराध ठरतो. कासव दिसलेच तर मागे, अंधारात, निश्चल उभे राहावे आणि वनरक्षक सांगतील तसे वागावे.

रात्रीचा मुक्काम

उघड्या किनाऱ्यावर, नदीच्या पुळणीवर किंवा रस्त्याच्या कडेला मुक्काम करू नये. आम्ही प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या तरी भाटात (माडांच्या बागेत) किंवा घराच्या आवारात जागा ठरवून देतो, जेथे पाणी आणि विजेची जोडणी मिळते. आपल्याला दुसरी एखादी जागा आवडली तर आधी भाटकाराला (जमीनमालकाला) किंवा घरमालकाला विचारावे. गोव्यात मोकळी दिसणारी जमीन बहुधा कोणाची तरी असते, आणि विचारणाऱ्याला सहसा नकार मिळत नाही. माडाखाली मात्र गाडी कधीही लावू नये. वरून पडलेला नारळ छतावरील सौर पटल फोडतो आणि पत्र्यालाही पोचा पाडतो. आंबा किंवा काजू यांची सावली चालते.

किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करण्यास गोव्यात मनाई आहे. मुक्कामाच्या आवारात गाडीतील शेगडी जरूर वापरावी. परंतु उरलेले अन्न, विशेषतः माशांचे काटे व डोकी, बाहेर टाकू नयेत. जेथे खरकटे पडते तेथे कुत्र्यांची टोळी जमते, आणि तीच टोळी पुढे रात्री घरटी उकरते. खरकट्याचा डबा घट्ट झाकणाचा आहे. तो मुक्कामाच्या घरी रिकामा करून घ्यावा. भांड्यांचे सांडपाणी गाडीखालच्या टाकीत साठते. ती टाकी खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) किंवा ओहोळात सोडणे हे त्या पाण्यात कोळंबी धरणाऱ्याच्या ताटात साबण ओतण्यासारखे आहे. शौचालयाची पेटी केवळ ठरलेल्या मुक्कामी किंवा आमच्या आवारातच रिकामी करावी.

न्याहारीची चिंता मात्र करू नये. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की सुटे पैसे घेऊन रस्त्यावर यावे. गरम पोळी आणि उंडे हे गोव्याचे पाव दारात मिळतात.

चोडण आणि कुंभारजुवे

मांडवीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र अवघे 1.78 चौरस किलोमीटर असून ते जवळजवळ सर्व कांदळवनाने व्यापलेले आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेल्यावर प्रवेशद्वार धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे कॅम्परव्हॅन बेटावर नेण्याची गरज नाही. आमचा सल्ला असा की गाडी पणजीकडेच ठेवावी आणि पायी फेरीत चढावे. इतरत्र गाडीसह फेरी घ्यावीच लागली तर ओहोटीची वेळ टाळावी. तेव्हा धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि लांब गाडीचे शेपूट काँक्रीटला घासते.

अभयारण्यात जाण्याची वेळ भरतीचे कोष्टक पाहून ठरवावी. भरतीला होडी कांदळवनाच्या आतल्या नाळांत शिरू शकते. ओहोटीला होडी जात नाही, परंतु उघड्या पडलेल्या चिखलावर बगळे व तुतारी पक्षी चरताना दिसतात, निवट्या नावाचे मासे उड्या मारतात, आणि एकच नांगी मोठी असलेले चिमुकले खेकडे ती हलवत बिळाच्या तोंडाशी उभे असतात. पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या आपल्याकडे सहसा न दिसणारा. तो येथे शोधावा. नशीब असेल तर पाणमांजरेही दिसतात.

मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. मगर हा मुख्यतः गोड्या पाण्यातील प्राणी. येथे ती मचूळ पाण्यात नांदते, हे या कालव्याचे वैशिष्ट्य आहे. हिवाळ्यात सकाळच्या ओहोटीला त्या चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात. त्या परिसरातील काही गावांत पौष अमावस्येला खाजनाच्या बांधावर मातीची मगर करून तिची पूजा केली जाते. तिला मांगे थापणी म्हणतात. मगरी होडीतून, अंतर राखून पाहाव्यात. कालव्याच्या काठी भांडी घासणे, पाण्यात पाय सोडून बसणे किंवा मुलांना एकटे सोडणे सर्वथा टाळावे.

काणकोण

दक्षिणेकडे जाताना करमल घाटात वळणे आहेत. तेथे खालच्या गिअरमध्ये, दिवसाउजेडी उतरावे. पाळोळ्याहून सकाळी डॉल्फिन पाहण्यासाठी होड्या निघतात. होडीवाल्याला निघण्यापूर्वीच सांगावे की पाठलाग नको. इंजिन बंद करून थांबले तर हंपबॅक डॉल्फिन पुष्कळदा आपणहून जवळून जातात. गालजीबागेच्या सुरूच्या बनात दुपारी बसावे, माथ्यावर घिरट्या घालणारा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड पाहावा, आणि सूर्यास्तानंतर गाडी मुक्कामी आणावी.

खोतीगाव अभयारण्य 1968 साली घोषित झाले असून त्याचा विस्तार सुमारे 86 चौरस किलोमीटर आहे. किनाऱ्यापासून इतक्या जवळ घनदाट जंगल मिळणे हे काणकोणचे भाग्य आहे. येथे गवे आहेत, शेकरू आहे, उडता सरडा आहे; पण झाडी दाट असल्याने प्राणी दिसण्यापेक्षा ऐकू अधिक येतात. सकाळी द्वार उघडताच आत जावे आणि निरीक्षण मनोऱ्यावर शांत बसावे. जंगलात वेळीप समाजाची वस्ती आहे, तेव्हा अंगणासमोर गाडी थांबवून छायाचित्रे काढू नयेत. माकडे उघड्या खिडकीतून आत शिरतात. काचा बंद ठेवाव्यात.

गाडीविषयी

स्वतः चालवण्यासाठी कायदेशीररीत्या भाड्याने दिलेल्या गाडीच्या क्रमांकाची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. आमच्या सर्व गाड्या तशाच आहेत. गाडी घेताना वाहन चालवण्याचा मूळ परवाना दाखवावा लागतो. गाडीची उंची चालकासमोर लिहून ठेवली आहे, कारण गावातील रस्त्यांवर विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या खाली आलेल्या असतात. परत करण्याच्या आदल्या दिवशी गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा, म्हणजे खाऱ्या हवेने पत्रा गंजत नाही. पाण्याच्या दोन्ही टाक्यांची स्थिती आम्ही आपल्यासमोर तपासतो आणि अनामत रक्कम त्याच वेळी परत करतो.