शापित तलवार आली कुठून?

एक राजा असतो. त्याच्या हाती अशी तलवार लागते, की म्यानातून उपसली तर कुणाचा तरी जीव घेतल्याशिवाय ती परत जात नाही. राजा मुलुखामागून मुलूख जिंकत सुटतो. जिंकतंय कोण, आपण की तलवार, हे पुढे पुढे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. शेजारची राज्यं एकवटतात आणि महायुद्ध पेटतं. पुण्यात सुट्टीच्या दिवशी फासे आणि नकाशे मांडून फँटसी खेळणाऱ्या मुलामुलींना ही गोष्ट तोंडपाठ असते. मराठीत फँटसी लिहायला बसलेल्या नव्या लेखकालाही पहिल्यांदा हीच सुचते. ही गोष्ट बाहेरून आली, असं सगळे धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे.

आधी बाहेरचा अर्धा भाग पाहू. तलवार सापडली आणि विजेता निघाला, ही कथा खऱ्याखुऱ्या राजाला चिकटलेली दिसते ती हूणांच्या अटिलापाशी. सहाव्या शतकातला इतिहासकार जॉर्डानेस ती सांगतो. त्याचा आधार प्रिस्कस, जो अटिलाच्या दरबारात स्वतः जाऊन आला होता. एका गुराख्याची कालवड लंगडत होती. जखम कशाची ते कळेना, म्हणून तो रक्ताच्या थेंबांचा माग काढत गेला, तर गवतात तलवारीचं पातं रुतलेलं. त्याने ते उपसून अटिलाला नेऊन दिलं. ही युद्धदेवाचीच तलवार, म्हणजे जगाचं राज्य आपल्या नशिबी लिहिलेलं आहे, असं अटिलाने मानलं. ४५१ मध्ये तो गॉलवर, म्हणजे आजच्या फ्रान्सवर, चालून गेला, ४५२ मध्ये इटलीवर, आणि ४५३ मध्ये मेला. या कथेत शाप नाही. आहे तो फक्त अधिकाराचा दाखला, आणि तोही गवतात सापडलेला. शाप चिकटला सहाशे वर्षांनी. अकराव्या शतकातला जर्मन बखरकार लाम्बर्ट लिहितो की, अटिलाची म्हणून ओळखली जाणारी तलवार हंगेरीच्या राजमातेने एका सरदाराला भेट दिली. ती हातोहात फिरत ज्याच्याकडे आली, तो १०७१ मध्ये घोड्यावरून पडला आणि स्वतःच्याच तलवारीवर कोसळून मेला.

आजच्या फँटसीतल्या शापित तलवारीचा खरा साचा मात्र आइसलँडमध्ये तेराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या हर्वोरच्या गाथेत सापडतो. स्वाफ्रलामी नावाचा राजा दोन बुटक्या कारागिरांना पकडतो. जीव वाचवायचा असेल तर कधी न गंजणारी, लोखंड आणि दगड कापडासारखे कापणारी तलवार घडवा, असं फर्मावतो. ते घडवतात आणि जाता जाता शाप देतात: उपसली की माणूस मारेल, तीन महापापं हिच्या हातून होतील, आणि तुझा मृत्यूही हिच्यानेच. तलवारीचं नाव टिरफिंग. स्वाफ्रलामी तिनेच मरतो. पुढे ती मारणाऱ्याच्या मुलाबरोबर एका बेटावर थडग्यात पुरली जाते. त्याची मुलगी हर्वोर रात्री त्या बेटावर जाऊन मेलेल्या बापाला जागं करते आणि हट्टाने तलवार मागून घेते. बाप विनवतो, नेऊ नकोस, तुझं कुळ बुडेल. ती ऐकत नाही. तिचा मुलगा हाइड्रेक त्याच तलवारीने सख्ख्या भावाला मारतो.

युद्ध पेटतं ते याच्याही पुढच्या पिढीत, आणि मला गाथेतला सर्वांत जिवंत भाग तोच वाटतो. हाइड्रेक मेल्यावर गादीवर बसतो त्याचा मुलगा अंगांतिर. सावत्र भाऊ ह्लोद, हूण राजाच्या मुलीचा मुलगा, दारात येऊन निम्मा हिस्सा मागतो: निम्मी गुरं, निम्मा खजिना, निम्मी जमीन. अंगांतिर एक तृतीयांश द्यायला तयार होतो. तंटा तिथेच मिटला असता. पण दरबारातला एक म्हातारा मध्येच बोलतो, ‘दासीच्या पोराला एवढं पुष्कळ झालं.’ ह्लोद उठतो, आजोळी जातो आणि हूणांचं सैन्य घेऊन परततो. अनेक दिवसांच्या लढाईनंतर अंगांतिर टिरफिंगनेच भावाला ठार करतो आणि प्रेतापाशी उभा राहून म्हणतो, भावा, आपल्यावर शाप होता, तुझा मारेकरी मीच झालो. मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटायला नको. ही सरळसरळ भाऊबंदकी आहे. तलवार नसती तरी युद्ध झालं असतं. तलवारीमुळे ते कुळाचं प्राक्तन ठरलं, इतकंच.

जपानमधल्या मुरामासाची हकिगत वेगळी. इसे प्रांतातल्या कुवाना इथे १५०० च्या आसपास काम करणारा हा तलवारकार आणि त्याचं घराणं. पुढे शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, झालेल्या तोकुगावा इयेयासूच्या आजोबांना १५३५ मध्ये त्यांच्याच माणसाने मारलं, ते मुरामासाच्या पात्याने. १५७९ मध्ये इयेयासूच्या मुलाला पोट फाडून घ्यावं लागलं, तेव्हा डोकं उडवणाऱ्याच्या हातातही मुरामासाच होती म्हणतात. मग नाटकांनी आणि लोककथांनी या तलवारी तोकुगावांच्या वैरी ठरवल्या, आणि एकोणिसाव्या शतकात शोगुनशाही उलथवायला निघालेले लोक त्या मुद्दाम मिळवू लागले. इसे हा इयेयासूच्या मिकावा प्रांताच्या जवळचा. तिथल्या सामुराईंकडे या तलवारी मुबलक असणारच. खुद्द इयेयासूच्या संग्रहातही मुरामासा होती. शाप मागाहून लिहिला गेला, पण राजकारणात तो खऱ्या शापासारखाच चालला.

विसाव्या शतकातल्या इंग्रजी फँटसीने हे सगळं एकत्र कालवलं. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, तेव्हा त्याच्या पहिल्याच नियमांत जादूच्या तलवारींना बुद्धी आणि अहंकार यांचे आकडे दिलेले होते. तलवारीचा आकडा भारी पडला, तर खेळाडूचं पात्र तिच्या मर्जीने वागणार. आज पुण्यातल्या टेबलावर फासा पडतो तो याच नियमाच्या वंशातला.

आता आपल्या घरातला अर्धा भाग. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात, नवव्या सर्गात, सीता रामाला एक गोष्ट सांगते. दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने राक्षस मारण्याचा शब्द दिला आहे, आणि सीतेला ते पटलेलं नाही. त्यांचं तुमच्याशी वैर काय, असं ती विचारते. मग सांगते: एका वनात एक सत्यवचनी तपस्वी होता. त्याच्या तपात विघ्न आणायला इंद्र शिपायाच्या वेशात आला आणि एक उत्तम तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळायची, म्हणून तपस्वी ती सतत जवळ बाळगू लागला. फळं तोडायला, कंदमुळं खणायला जातानाही ती बरोबर. रोज शस्त्र वागवता वागवता त्याची बुद्धी रौद्र झाली, तप सुटलं, हातून अधर्म घडू लागला आणि शेवटी तो नरकात गेला. ‘अग्निसंयोगवद्धेतुः शस्त्रसंयोग उच्यते’, असं सीता म्हणते. आगीची संगत इंधनाला जे करते, तेच शस्त्राची संगत माणसाला करते.

शापित तलवारीची इतकी नेमकी कथा मी दुसरीकडे वाचलेली नाही. इथे कुणी शाप उच्चारत नाही. तलवार बोलत नाही, रक्त मागत नाही. तपस्वी लोभीही नाही, उलट दुसऱ्याची ठेव जपण्याइतका प्रामाणिक आहे, आणि त्याच प्रामाणिकपणातून तो घसरतो. रामही सीतेला झिडकारत नाही. तुझं बोलणं स्नेहाचं आहे, पण ऋषींना दिलेला शब्द मोडता येणार नाही, असं तो सांगतो. दोघांच्याही म्हणण्यात वजन आहे, आणि पुढचं सारं युद्ध या संवादानंतर येतं.

दुसरी कथा महाभारतातली. तिचा संशोधित पाठ पुण्यातच सिद्ध झाला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९६६ मध्ये पुरं केलं. त्यातल्या शांतिपर्वाचे संपादक होते श्रीपाद कृष्ण बेलवलकर. या पर्वात नकुल शरपंजरी भीष्माला विचारतो की, धनुष्य श्रेष्ठ म्हणतात, पण मला खड्गच श्रेष्ठ वाटतं, ते आलं कुठून? भीष्म सांगतो: ब्रह्मदेवाच्या यज्ञातून निळ्या कमळाच्या रंगाचं, तीक्ष्ण दाढांचं, खपाटीला गेलेल्या पोटाचं एक भूत उठलं. धरणी कापली, समुद्र खवळला, आणि त्या भुताचं खड्ग झालं. रुद्राने त्याने दानव मारले आणि ते विष्णूला दिलं. पुढे ऋषी, इंद्र, लोकपाल असं करत ते मनूकडे आलं. मनूला देताना अट घातली गेली: अपराध्याला आधी शब्दाने आवरावं, मग दंड करावा. वध क्षुल्लक कारणासाठी नाही. टिरफिंग धाक दाखवून घडवून घेतलेली, अटिलाची गवतात सापडलेली. हे खड्ग मात्र हातोहात सोपवलेलं आणि अटीने बांधलेलं. मराठी लोकपरंपरा छत्रपतींची तलवार भवानीने दिली असं सांगते, तीही सोपवलेल्याच शस्त्राची कथा आहे. पुणे जिल्ह्यात जेजुरीला दसऱ्याला खंडोबाचा सुमारे ४२ किलोंचा खंडा जवान पोरं एका हाताने तोलतात, दातांनी उचलतात. त्याची कुणाला भीती वाटत नाही, कारण तो देवाचा आहे आणि उत्सव आटोपला की देवाकडेच जातो.

पुण्याला शाप माहीत नाही असं नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना कापून काढलं. त्या तलवारींची कथा कुणी सांगत नाही. लोकांनी शाप ठेवला तो वास्तूवर, आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून तिथेच ऐकू येते म्हणतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, म्हणजे मनूला घातलेली अट शब्दशः लावली. रघुनाथरावांनी ते मानलं नाही. मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई कबूल केली. त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध उभं राहिलं. जानेवारी १७७९ मध्ये पुण्याच्या उंबऱ्याशी, वडगावला, इंग्रज फौजेला शरण यावं लागलं, तरी लढाई आणखी तीन वर्षं चालली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती थांबली तेव्हा रघुनाथरावांच्या वाट्याला पेन्शन आली आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली.