पाइपात वायर शिरते, म्हणून ती चालते असे नाही

जुळे सोलापूरसारख्या वस्त्यांत नव्या घराच्या भिंतीत विजेच्या पाइपासाठी झिरी मारून झाली, की ‘पाइपात शिरतेय ना, मग अजून दोन वायरी ओढा’ हे वाक्य हमखास ऐकू येते. हा समज चुकीचा आहे.

पाइपाचे माप बाहेरच्या व्यासाचे असते. त्यामुळे २० मिमीच्या पाइपात आतली जागा कमीच भरते, आणि तिच्यातलाही साधारण ४० टक्केच भाग वायरींनी व्यापावा. खरा प्रश्न मात्र उष्णतेचा आहे. पीव्हीसी वेष्टनाच्या वायरीतील तांबे ७० अंशांपेक्षा तापू नये. भोवतालच्या ३० अंशांना ठरवलेली वायरीची प्रवाह वाहण्याची क्षमता ४० अंशांना ०.८७ पट उरते (सोलापूरच्या मे महिन्यात तर ४० हा दिलासाच), आणि दोन एसी व स्वयंपाकघर अशी तीन सर्किटे एकाच पाइपातून पूर्ण भाराने चालली, तर ती आणखी ०.७० पट होते. म्हणजे २० अँपिअरची वायर जेमतेम १२ अँपिअरची राहते. पण २० अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास वीज तोडणारा खटका) पडत नाही आणि वेष्टन आतल्या आत कडक होऊन तडकते. म्हणून प्रत्येक एसीला पाइप स्वतंत्रच टाकावा, तोही स्लॅब भरण्यापूर्वी.