खुंटीच नसलेली भिंत

काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब. एकात ए गट ओळखणारं द्रावण, दुसऱ्यात बी ओळखणारं. कुठेच गुठळी झाली नाही, म्हणजे गट ओ. पण ओ रक्ताची पिशवी क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का हे पाहायला लावली तर गुठळ्या! दुसरी लावली, दहावी लावली, तरी तेच. असं रक्त १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे आणलं. त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं राहिलं ते राहिलंच.

तांबड्या पेशीवर ‘एच’ नावाचा साखरेचा एक तुकडा असतो. ती खुंटी समजा. ए किंवा बी हा तिच्यावर टांगायचा सदरा. ओ गटात खुंटी असते, सदरा नसतो. बॉम्बे गटात खुंटीच नाही, मग घरात सदरे असले तरी टांगणार कुठे? आणि अशा शरीराला एच परका, म्हणून त्याला ओ रक्तही चालत नाही.

खुंटी ठोकणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते, म्हणून चांगली प्रत ‘प्रभावी’ आणि बिघडलेली ‘अप्रभावी’. शाळेतले हे शब्द मला जरा फसवे वाटतात. इथे कुणी कुणाला दाबत नाही. एक प्रत काम करते, दुसरी करत नाही, एवढंच. दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या, तरच बॉम्बे. ए आणि बी मात्र एकत्र आले तर दोघंही दिसतात, त्यातूनच एबी होतो.

आता गंमत पाहा. आई तपासणीत ओ, वडील बी, मूल एबी. पुस्तकी नियमाने अशक्य, आणि संशय नेहमीप्रमाणे आईवर! पण आई बॉम्बे असेल, तर तिच्याकडचा ए नुसता दडलेला असतो. मुलाला तो मिळतो, वडिलांकडून बी आणि चालू खुंटीही मिळते, की सदरे दिसू लागतात.

एकेक बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या आईवडिलांना कधी काही जाणवत नाही. त्यांच्या प्रत्येक अपत्याला मात्र बॉम्बे गटाची शक्यता चारात एक. मामे-आते भावंडांच्या लग्नात तीच प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. भारतात हा गट साधारण १०,००० लोकांत एकाचा मानतात, त्यामुळे असा रुग्ण आला की पहिली चौकशी होते ती सख्ख्या भावंडांची.